अकिताच्या किनाऱ्यावरचे सण बघायला येताय? मग आधी हे वाचा

टोकियोतल्या निशिकासाईहून, ओसाकाहून, कधी थेट पुण्याहून ओळखीतली मंडळी विचारतात, "अकिताला सण बघायला यायचंय, कधी येऊ?" आणि मी दरवेळी उलट विचारतो की कुठला सण, उन्हाळ्यातला की बर्फातला, मुलं बरोबर आहेत का, मासे खाता का. कारण जपानच्या वायव्य किनाऱ्यावरच्या या पट्ट्यात, म्हणजे अकिता शहर, ओगाचं द्वीपकल्प, वरती नोशिरो आणि खाली निकाहो, वर्षभर काही ना काही चालू असतं, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकाला नुसतं जाऊन उभं राहिलं की झालं, दुसऱ्याला बोलावणं नसेल तर दारातूनच परत यावं लागतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

१. आधी ठरवा, सण रस्त्यावरचा की घरातला

सगळा गोंधळ इथेच होतो. अकिताचा कान्तो (कंदिलांच्या उंच काठ्या तोलायचा खेळ), त्सुचिझाकीचे रथ, नोशिरोचे प्रचंड कंदील हे रस्त्यावरचे सण, लोकांनी बघावं म्हणूनच असतात, कुणीही या. पण ३१ डिसेंबरचा ओगाचा नामाहागे, म्हणजे मुखवटे घालून घरोघर येणाऱ्या देवांचा सण, हा घराघरातला कार्यक्रम आहे, त्या त्या वस्तीतल्या लोकांचा. तिथे बाहेरच्याला प्रेक्षक म्हणून जागाच नसते. इंटरनेटवर फोटो सगळे सारखेच दिसतात, मुखवटे, मशाली, बर्फ, त्यामुळे लोक ३१ डिसेंबरची ट्रेन बुक करून मोकळे होतात आणि मग ओगा स्टेशनवर उतरून विचारतात की कुठे आहे कार्यक्रम. कुठेच नसतो, बंद दारांच्या आत असतो.

तर एक सोपा नियम, सणाच्या माहितीत जागा आणि वेळ छापलेली असेल तर बिनधास्त जा, नुसतंच "गावोगावी" असं असेल तर ओळख किंवा सोय लावल्याशिवाय निघू नका.

२. तारखा मांडून घ्या

इथे दोन प्रकारच्या तारखा असतात. काही पक्क्या, वार कुठलाही असो. काही वारावर ठरणाऱ्या.

- ४ फेब्रुवारी: निकाहोच्या कोनोउरा बंदरातला काकेउओ, कॉड माशांचा सण
- फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार, शनिवार, रविवार: ओगाचा नामाहागे सेदो उत्सव
- ७ जुलै: कातागामी आणि ओगाच्या सीमेवर तेन्नो-फुनाकोशीचा बैलावरच्या देवाचा सण
- २० आणि २१ जुलै: त्सुचिझाकीचे रथ
- ३ आणि ४ ऑगस्ट: नोशिरोचे उंच कंदील
- ३ ते ६ ऑगस्ट: अकिताचा कान्तो
- १३ ते १६ ऑगस्ट: ओबोन, पितरांचे दिवस
- ३१ डिसेंबर: घरोघरचा नामाहागे

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे सगळ्या तोहोकूत, जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर भागात, नुसती झुंबड. आओमोरीचा नेबुता २ ते ७, आपला कान्तो ३ ते ६, सेंदाईचा तानाबाता ६ ते ८, त्यामुळे अख्खा जपान त्या आठवड्यात उत्तरेला निघालेला असतो. तिन्ही एका ट्रिपमध्ये करता येतात, करणारे करतात, पण मुलं आणि सामान घेऊन रोज संध्याकाळी गर्दीत उभं राहायचं आणि सकाळी उठून दुसऱ्या शहराची ट्रेन पकडायची, मला विचाराल तर नको. दोन सण घ्या आणि मधला दिवस मोकळा ठेवा.

ओबोनमध्ये घरची माणसं गावी येतात, थडग्यांवर जाऊन दिवे-फुलं वाहतात, आपल्या पितृपक्षाच्या भावनेचंच आहे, बघायला जाण्यासारखं त्यात फार काही नाही आणि जाऊही नये. मात्र त्या दिवसांत ट्रेन खचाखच भरतात आणि बरीच छोटी दुकानं बंद असतात, एवढं लक्षात ठेवा.

३. तिकीट आणि हॉटेल, ह्याच क्रमाने नाही

आधी हॉटेल, मग ट्रेन. कान्तोच्या चार रात्रींसाठी अकिता शहरातली हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात, रेट पण दुप्पट-तिप्पट होतात. शहरात नाही मिळालं तर ओमागारी किंवा योकोतेला बघा, दोन्हीकडून ट्रेन आहे, फक्त रात्री परतीची शेवटची गाडी किती वाजता ते बुकिंगच्या आधी बघा, नंतर नाही.

टोकियोहून कोमाची शिंकान्सेनने पावणेचार ते चार तास लागतात, एका बाजूचे साधारण १८ हजार येनच्या आसपास. कोमाचीत सगळ्या सीट्स रिझर्व्ह असतात, बाकीच्या काही गाड्यांसारखा बिनारिझर्व्हेशनचा डबा नाही, "चढू आणि बघू" इथे चालत नाही. रिझर्व्हेशन एक महिना आधी सकाळी १० वाजता उघडतं, ऑगस्टसाठी त्याच वेळी बसा. आणि एक, ओमागारीला गाडी दिशा बदलते, तिथून अकितापर्यंत अर्धा तास सीट उलटी जाते, कुणी उठून सीट फिरवत नाही, तुम्ही पण घाबरू नका, चुकीच्या गाडीत नाही बसलात.

हानेदाहून विमान तासाभराचं आहे, लवकर बुक केलं तर कधी कधी ट्रेनपेक्षा स्वस्त पडतं. परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचे पास असतात, पण त्यांचे नियम आणि किमती बदलत राहतात, त्यामुळे जुन्या व्हिडिओवर विश्वास न ठेवता त्यांच्या साइटवर बघा. अख्ख्या देशाचा जपान रेल पास टुरिस्ट व्हिसावाल्यांसाठी आहे, इथे नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्यांना तो मिळत नाही.

सुइका कार्डाचा सापळा: अकिता स्टेशनला सुइका, म्हणजे टॅप करायचं प्रीपेड कार्ड, चालतं, पण टोकियोत टॅप करून आत शिरलात आणि अकिताला टॅप करून बाहेर पडायला गेलात तर होणार नाही, ते दोन वेगळे एरिया आहेत. ओगाकडे जाताना सरळ मशीनमधून कागदी तिकीट काढा, डोक्याला ताप नाही.

४. कान्तो: पहिल्यांदा येणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी

जोतिबाच्या यात्रेतल्या सासनकाठ्या बघितल्यात? तशीच उंच बांबूची काठी, फक्त तिला आडव्या काठ्या बांधून त्यावर ४६ कागदी कंदील लटकवलेले आणि प्रत्येकात खरी मेणबत्ती. सगळ्यात मोठ्या काठीची उंची १२ मीटर आणि वजन ५० किलोच्या आसपास. ती एकटा माणूस आधी तळहातावर, मग कपाळावर, खांद्यावर आणि शेवटी कमरेवर तोलतो. असे अडीचशेच्या वर कान्तो एकाच वेळी रस्त्यावर उभे असतात. मूळ हेतू उन्हाळ्यातली सुस्ती, रोगराई झटकून टाकणं आणि पुढे भाताचं पीक चांगलं यावं ही प्रार्थना, कंदिलांची ती माळ लोंब्यांसारखी धरतात.

जवळून बघायची गोष्ट म्हणजे काठी वाढवणं. एकजण तोलत असतो, दुसरा खालून बांबूचा तुकडा जोडतो, मग अजून एक, काठी वाकून वाकून धनुष्यासारखी होते, वरचे कंदील अक्षरशः शेजारच्या पथकावर लोंबायला लागतात, तोलणाऱ्याच्या एका हातात पंखा आणि दुसरा हात कमरेवर, चेहऱ्यावर काहीच नाही. आजूबाजूला सगळे "दोक्कोइशो, दोक्कोइशो" ओरडत असतात आणि तुम्हीही दोन मिनिटांत ओरडायला लागता.

कसं बघायचं:

अकिता स्टेशनच्या पश्चिम दरवाज्यातून कान्तो ओदोरी रस्ता चालत १५ मिनिटं. खेळ सातनंतर सुरू होतो, साडेआठच्या आसपास आटपतो. पैसे देऊन बसायच्या जागा आधी विकतात, वयस्कर आई-बाबा बरोबर असतील तर त्या घ्याच. फुकटात बघायचं तर फुटपाथवर साडेपाचपर्यंत जागा धरा. काठी कधी कधी प्रेक्षकांवर कलते, विझलेल्या मेणबत्त्यांसकट, त्यामुळे पुढच्या रांगेत मोबाईलमध्ये डोकं घालून बसू नका. खेळ संपल्यावर लगेच पळू नका, थोडा वेळ पथकं लोकांना जवळ येऊ देतात, फोटो काढू देतात, छोटी काठी हातात देतात, मुलांना तेच सगळ्यात जास्त आवडतं. जोराचा पाऊस-वारा असेल तर खेळ थांबवतात किंवा रद्द करतात, म्हणून एकाच रात्रीच्या भरवशावर येऊ नका, दोन रात्री ठेवा.

दिवसा कौशल्याच्या स्पर्धा असतात, ४ ते ६ ऑगस्टला शहराच्या मध्यावरच्या चौकात. रात्रीइतकी झगमग नाही, पण कोण कसं तोलतंय ते खरं दिवसाच कळतं, गर्दीही कमी. आणि ऑगस्टमध्ये नाही जमलं तर नेबुरी नागाशी कान नावाचं म्युझियम आहे, तिथे वर्षभर कान्तो बघता येतात आणि उचलूनही बघता येतो.

५. नामाहागे: इथे घाई नको

आता ओगा. गवताच्या पेंढ्याचा झगा, लाल-निळे मुखवटे, हातात लाकडी सुरा आणि बादली, घरात घुसून "नाकु गो वा इनेगा!", म्हणजे रडकं पोर आहे का कुठे, असं गर्जत फिरणारे ते नामाहागे. लोक त्यांना राक्षस म्हणतात, ओगाची माणसं देव म्हणतात, वर्षअखेरीला डोंगरावरून येऊन आळस झाडून घरावर आशीर्वाद ठेवून जाणारा पाहुणा. २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेला, जपानमधल्या अशा एकूण १० पाहुण्या देवांच्या परंपरांबरोबर.

घरातला प्रकार कसा चालतो ते सांगतो, म्हणजे बाहेरच्याला का घेत नाहीत ते कळेल. आधी एक माणूस पुढे येऊन विचारतो, आत येऊ का. त्या वर्षी घरात कुणी गेलं असेल, बाळंतपण झालं असेल, आजारी कुणी असेल तर नामाहागे आत जात नाहीत. परवानगी मिळाली की आत शिरायच्या आधी ७ वेळा पाय आपटतात, ताटावर बसायच्या आधी ५ वेळा, उठून निघताना ३ वेळा. मधल्या वेळात पोरं आईच्या मागे किंचाळत असतात आणि यजमान, म्हणजे घरातला कर्ता पुरुष, साके, म्हणजे तांदळाची दारू, पाजत पोरांची बाजू घेतो, "नाही हो, अभ्यास करतो तो, घरकामात मदत करतो." नामाहागेच्या हातात वही असते, त्यात घरातल्या सगळ्यांचे पराक्रम लिहिलेले. सूनसुद्धा सुटत नाही त्यातून, उशिरा उठते का म्हणून विचारतात. हे सगळं ओळखीच्या घरातच शोभतं, तिथे कोपऱ्यात कॅमेरा धरून कुणी परका बसला की मजा गेली.

तर मग बघायचं कसं? तीन रस्ते आहेत.

पहिला, ओगातल्या शिंझानचं म्युझियम, नामाहागे कान, आणि शेजारचं देन्शोकान नावाचं जुनं घर. नामाहागे कानमध्ये ओगातल्या वेगवेगळ्या वस्त्यांचे दीडशेच्या वर मुखवटे आहेत, लाकडाचे, झाडाच्या सालीचे, एकासारखा दुसरा नाही. देन्शोकानमध्ये वरचा सगळा प्रसंग तुमच्यासमोर करून दाखवतात. दोन्हीचं एकत्र तिकीट घ्या. हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, हे घरातलं सादरीकरण शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांनाच असतं, मंगळवारी बर्फातून तिथे पोचून बंद दार बघणारे लोक दरवर्षी असतात.

दुसरा, फेब्रुवारीतला सेदो उत्सव. १९६४ मध्ये शिंझान देवळातला जुना अग्निविधी आणि नामाहागे यांची सांगड घालून हा सुरू केला, बाहेरच्यांनी बघावा म्हणूनच. देवळाच्या आवारात मोठी आग पेटवतात, त्यावर मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, भाजतात, ढोल वाजतात, आणि रात्री वरच्या अंधाऱ्या डोंगरातून मशाली घेतलेले नामाहागे एका रांगेत बर्फातून उतरतात. खरं सांगतो, तो क्षण मोबाईलमध्ये येत नाही, हात बाहेर काढून गारठवण्यापेक्षा नुसतं बघा.

तिसरा, ३१ डिसेंबरला ओगाच्या गरम पाण्याच्या झऱ्याच्या हॉटेलात राहणं, त्यातल्या काही हॉटेलांमध्ये पाहुण्यांसाठी नामाहागे येतात. बुक करताना फोन करून पक्कं विचारा, गृहीत धरू नका, महागही पडतं.

सापळे:

- झग्यातून गळलेली पेंढ्याची काडी शुभ मानतात, डोक्याला बांधली की वर्षभर तब्येत ठीक राहते म्हणतात. खाली पडलेली उचला. अंगावरची ओढू नका, टुरिस्ट ओढतात आणि सगळे नुसते बघत राहतात.
- चार-पाच वर्षांखालच्या मुलांना आधी घरी मुखवट्यांचे फोटो दाखवा. काही मुलं हसतात, काही रात्रभर झोपत नाहीत. नामाहागे मुद्दाम तुमच्याच पोराकडे येणार हे धरून चाला.
- अकिता ते ओगा लोकल साधारण तासाभराची, गाड्या दर तासाला असतीलच असं नाही. ओगा स्टेशनहून शिंझान अजून पुढे डोंगरात आहे. नामाहागे शटल नावाची शेअर टॅक्सी आहे, पण ती आधी बुक करावी लागते, स्टेशनवर उभी नसते. सेदो उत्सवाच्या दिवसांत बस सोडतात, प्रवेशाचं आणि बसचं आधी बुकिंग लागतं का ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा.
- भाड्याची गाडी घ्यायची तर भारतातून येणाऱ्यांना आरटीओचं इंटरनॅशनल परमिट लागतं, कागदी पुस्तिका, मोबाईलमधला फोटो नाही. आणि बर्फावर कधी चालवली नसेल तर फेब्रुवारीत चालवूच नका, समुद्रावरून आडवा वारा येतो आणि समोरचं काही दिसत नाही.

६. छोटे सण, पाहुणे कमी आणि मजा जास्त

त्सुचिझाकी अकिता स्टेशनहून लोकलने १० मिनिटांच्या आत. जुलैमधले रथ हाताने ओढतात, "जोयासा!" म्हणत, पुढून बघितलं तर योद्ध्यांच्या बाहुल्या, एकदम वीररस, आणि मागे जाऊन बघितलं तर चालू राजकारणावर, महागाईवर टोमणे मारणारे फलक. जपानी वाचता येत असेल तर मागची बाजू सोडू नका, येत नसेल तर शेजारच्या आजोबांना विचारा, ते हसत हसत समजावतील. २१ तारखेच्या रात्री रथ परत निघतात तेव्हा पोरं अक्षरशः दमून झोकांड्या खात असतात, ढोल-बासरी मात्र थांबत नाही. माझं मत विचाराल तर कान्तोपेक्षा हा जास्त आपलासा वाटतो.

७ जुलैचा तेन्नोचा सण भारतातल्या माणसाने बघावाच. एक माणूस देव बनून, जणू झोपेत असल्यासारखा, बैलावर बसून गावातून फिरतो. तो सुसानोओ देव, पण जुन्या काळात त्याला गोझु तेन्नो, म्हणजे बैलाच्या डोक्याचा स्वर्गीय राजा म्हणायचे, आणि हा गोझु तेन्नो श्रावस्तीच्या जेतवनाचा, बुद्ध जिथे राहिले त्या विहाराचा रक्षक देव मानला जायचा. त्याच दिवशी पलीकडे पाण्यावर, नावेत बांधलेल्या दोरावर एकजण कसरत करतो, तो सुसानोओने मारलेला आठ डोक्यांचा साप. इथे माइकवर समजावणारं कुणी नसतं, माहिती वाचून जा, शांतपणे मागे उभं राहा.

कोनोउराला ४ फेब्रुवारीला कोळी लोक मोठमोठे कॉड मासे बांबूला टांगून खांद्यावरून देवळात नेऊन वाहतात, वर्षभर दर्या सांभाळ म्हणून. हजारो किलोमीटर लांब, बर्फात, पण नारळी पौर्णिमा बघितलेल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही.

नोशिरोचा कंदील २४.१ मीटर उंच, किल्ल्याच्या आकाराचा. ३ तारखेला तिकडे आणि ४ ला अकितात कान्तो, हे मस्त जमतं.

७. खाणं, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी

किनारा आहे, सगळ्यात मासा आहे. मासे खाणाऱ्यांनी हाताहाता हा मासा आणि त्याच्याच आंबवलेल्या शोत्त्सुरु सॉसमधला रस्सा खावा, पूर्वी डिसेंबरमध्ये हाताहाता ढिगाने यायचा, हल्ली फार कमी मिळतो, दिसला तर सोडू नका. ओगाला लाकडी टबात लालबुंद तापलेले दगड टाकून उकळलेला माशांचा रस्सा मिळतो, तोही.

शाकाहारींनी एक धरून चालावं की भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो, उदोन नूडल्सच्या पाण्यातही. "निकु तो साकाना वा ताबेमासेन" हे वाक्य पाठ करा आणि दाशी, म्हणजे तो अर्क, वेगळा विचारा, नाहीतर मासा काढून तोच रस्सा समोर येतो. चालणाऱ्या गोष्टी: मिसो (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट) लावून भाजलेला भाताचा तानपो, तरी विचारून घ्या, इबुरिगाक्को म्हणजे धुरी दिलेला मुळ्याचा लोणच्याचा प्रकार, अझुकी या लाल कडधान्याच्या पिठाची मोरोकोशी मिठाई, आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेला आज्या विकतात ते बाबाहेरा आइस्क्रीम, सपाट उचटणीने गुलाबी-पिवळ्या पाकळ्यांचं गुलाब करून देतात. बाकी बॅगेत मेतकूट, चिवडा, गरम पाणी ओतलं की होणारा उपमा ठेवाच.

८. बरोबर काय घ्यायचं

- पासपोर्ट, किंवा इथे राहत असाल तर रेसिडेन्स कार्ड, जवळ बाळगणं कायद्याने लागतं
- रोख पैसे, हजारच्या नोटा आणि नाणी, स्टॉलवर कार्ड बहुतेक चालत नाही
- उन्हाळ्यात: बसायला प्लास्टिकची शीट, टोपी, छत्रीऐवजी रेनकोट, गर्दीत छत्री उघडली की मागचे वैतागतात
- हिवाळ्यात: बुटांना लावायचे काटे, हात गरम ठेवायच्या काइरो पुड्या, वॉटरप्रूफ बूट, कापसाचे मोजे नको, ओले झाले की संपलं
- कचऱ्यासाठी एक पिशवी, डबे सापडत नाहीत

शरद ऋतूत डोंगरातल्या देवळांच्या पायवाटांवर एकटं जाऊ नका, अकितात २०२३ आणि २०२५ ला अस्वलांचा खूप त्रास झाला, पाटी लावली असेल तर पाटी ऐका.

९. इथेच राहायला आलात तर

मग प्रेक्षक राहू नका. वस्तीची चोनाइकाइ, म्हणजे रहिवाशांची संघटना, असते, तिच्या वर्गणीला नाही म्हणू नका, घरोघर फिरणारा सूचनांचा फळा आला की सही करून लगेच पुढच्या घरी द्या. सणाची तयारी त्यातूनच कळते. कान्तोची पथकं वस्त्यांची असतात तशी विद्यापीठांची आणि कंपन्यांचीही असतात, सराव सणाच्या आधीच्या आठवड्यांत संध्याकाळी चालतो, ढोल-बासरीला आणि मेणबत्त्या लावायला हात कमीच पडतात. ओगाच्या वस्त्यांमध्ये तरुण उरले नाहीत, म्हणून काही ठिकाणी बाहेरच्या, अगदी परदेशी विद्यार्थ्यांनाही नामाहागेचा झगा घालायला मिळतो. त्यासाठी अर्ज वगैरे नसतो, आधी पेंढा वळायला जाऊन बसावं लागतं. विचारायचं तर डिसेंबर उजाडायच्या आधी विचारा, आणि साके पीत नसाल तर तेही त्याच वेळी सांगून टाका, कारण त्या रात्री प्रत्येक घरात पेला पुढे येतो.